‘त्याच्या वळांनी’ आरोग्य मिळणे म्हणजे काय? : आजारी आईविषयी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर

ताई, तुमच्या प्रश्नाचा आशय मी प्रथम माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझा काही गैरसमज झाला असल्यास तो तुमच्या लगेच लक्षात येईल. तुमच्या आईंना स्तनाचा कर्करोग असल्याचे काही महिन्यांपूर्वी निष्पन्न झाले. शस्त्रक्रिया झाली, केमोथेरपीच्या तीन फेऱ्याही पार पडल्या. त्यानंतर त्या ज्या प्रार्थनागटात जातात तिथल्या एका उपदेशकाने त्यांना यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायातले पाचवे वचन दाखवले आणि सांगितले की, त्यांचे आरोग्य वधस्तंभावर आधीच विकत घेतले गेले आहे, तेव्हा पुढची केमो घेणे म्हणजे ख्रिस्ताने सोसलेल्या फटक्यांवर अविश्वास दाखवणे होय. आईंनी चौथी फेरी पुढे ढकलली आहे. काखेतली गाठ मात्र अजून हाताला लागते, आणि त्यामुळे आपला विश्वास कमी पडतो आहे, कदाचित एखादे जुने पाप आडवे येत आहे, या विचाराने त्यांची झोप उडाली आहे. पवित्र शास्त्र खरोखर असे शिकवते का, असे तुम्ही विचारता.

शास्त्र असे शिकवत नाही. मी गेली चोवीस वर्षे पाळक म्हणून सेवा करतो आहे आणि त्यातला बराच काळ मिशनच्या एका रुग्णालयात आजाऱ्यांच्या खाटांपाशी गेला आहे. त्या अनुभवाच्या आधारे आधी एवढेच सांगतो की, हे उत्तर पूर्ण वाचण्यापूर्वी डॉक्टरांना फोन करा आणि चौथ्या फेरीची तारीख ठरवून घ्या. वचनाचा अर्थ आपण शांतपणे पाहू, परंतु केमोच्या फेऱ्यांमधले अंतर ठरलेले असते आणि ते विनाकारण वाढणे धोक्याचे असते.

आता वचनाकडे येऊ. आपल्या मराठी शास्त्रात ते असे आहे: “त्याला बसलेल्या फटक्यांनी आम्हांला आरोग्य प्राप्त झाले.” ‘फटके’ या शब्दाच्या जागी मूळ हिब्रूत ‘हब्बूरा’ असा शब्द आहे, आणि त्याचा नेमका अर्थ माराने अंगावर उठलेला वळ असा होतो. हाच शब्द यशयाच्या पुस्तकात अगदी आरंभी, पहिल्या अध्यायाच्या सहाव्या वचनात येतो. तिथे संदेष्टा आपल्या राष्ट्राचे वर्णन एका जखमी देहासारखे करतो: तळपायापासून डोक्यापर्यंत कुठे म्हणून धड जागा उरलेली नाही, जिकडेतिकडे जखमा, वळ आणि चिघळलेले घाव आहेत, आणि ते कोणी दाबून पू काढलेले नाहीत, बांधलेले नाहीत, की तेल लावून नरम केलेले नाहीत. देवाकडे पाठ फिरवलेल्या लोकांचे ते चित्र आहे. पुढे त्रेपन्नाव्या अध्यायात तोच वळ पुन्हा दिसतो, पण आता तो लोकांच्या अंगावर नाही. तो परमेश्वराच्या दुःखी सेवकाच्या अंगावर आहे. जे आमच्या पाठीवर होते ते त्याच्या पाठीवर गेले, हा या अध्यायाचा गाभा आहे, आणि ख्रिस्ती मंडळीने पहिल्या शतकापासून या सेवकामध्ये प्रभू येशूला ओळखले आहे. म्हणून या वचनातले ‘आरोग्य’ सर्वप्रथम देवाशी तुटलेले नाते सांधले जाण्याचे आरोग्य आहे. वचनाचा पूर्वार्ध वाचला तरी हे उघड होते, कारण तिथे अपराध, दुष्कर्मे आणि शांती देणारी शिक्षा यांचाच उल्लेख आहे.

परंतु एवढ्यावर थांबणारे काही पाळकही मला भेटतात, आणि त्यांचे म्हणणेही मला अपुरे वाटते. हे आरोग्य केवळ आत्म्याचे आहे, शरीराशी त्याचा काही संबंध नाही, असे म्हणणाऱ्यांना शुभवर्तमान लिहिणाऱ्या मत्तयाने जागाच ठेवलेली नाही. मत्तयाच्या आठव्या अध्यायात कफर्णहूमातली ती संध्याकाळ आठवा: पेत्राच्या सासूचा ताप उतरला आहे, दिवस मावळताना लोक आजाऱ्यांना घेऊन दारापाशी आले आहेत, प्रभू त्या सर्वांना बरे करतो, आणि तिथे मत्तय लिहितो की, आमचे विकार त्याने आपल्यावर घेतले आणि आमचे रोग वाहिले, हे यशयाचे शब्द या रीतीने पूर्ण झाले. यशयाच्या जुन्या ग्रीक भाषांतरात या ठिकाणी ‘आमची पापे तो वाहतो’ असे होते. मत्तयाने ते शब्द घेतले नाहीत. तो हिब्रूच्या जवळ राहिला आणि त्याने रोग हा शब्द रोग म्हणूनच ठेवला. एका म्हातारीच्या तापाची दखल घेताना त्याला यशयाचा त्रेपन्नावा अध्याय आठवावा, ही गोष्ट मला कित्येक वर्षे धीर देत आली आहे. देवाला आपल्या शरीराचे वावडे नाही. ज्याने देह धारण केला, जो देहाने मेला आणि देहासह उठला, त्याच्या तारणात देहाचा वाटा असणारच.

तिसरा धागा पेत्राच्या पहिल्या पत्राचा आहे. “त्याला बसलेल्या माराने तुम्ही निरोगी झाला आहा” हे शब्द आरोग्यसभांतून फार मोठ्याने म्हटले जातात, पण ते कोणाला उद्देशून लिहिले आहेत हे क्वचितच सांगितले जाते. दुसऱ्या अध्यायाच्या अठराव्या वचनापासून पेत्र घरच्या दासांशी बोलतो आहे, म्हणजे काही चूक नसतानाही कठोर धन्याचा मार खाणाऱ्या गुलामांशी. ग्रीकमध्ये तो वापरतो तो शब्दही वळ असाच आहे. ज्यांच्या पाठीवर स्वतःचे ताजे वळ होते अशा माणसांना पेत्र सांगतो की, त्याच्या वळाने तुम्ही बरे झाला आहात. उद्यापासून तुम्हाला मार बसणार नाही, असे आश्वासन तो देत नाही. तुम्ही बहकलेल्या मेंढरांसारखे होता, आता तुमच्या जिवांच्या मेंढपाळाकडे परत आला आहात, असे तो म्हणतो. पाठीवरचा वळ अजून ठणकतो आहे आणि तरीही मी बरा झालेला आहे, या दोन गोष्टी एकाच माणसाच्या बाबतीत एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे त्या गुलामांना कळत होते. आईंनाही कळेल, कारण त्यांच्यापुढे आज नेमके तेच आहे.

तर मग वधस्तंभात शरीराचे आरोग्य आहे की नाही? आहे, असेच मी म्हणतो. प्रश्न आहे तो ते केव्हा आणि किती हाती येते याचा. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायात प्रेषित पौल म्हणतो की, ज्यांना आत्म्याचे प्रथमफळ मिळाले आहे तेही आपल्या शरीराच्या मुक्तीची वाट पाहत कण्हत आहेत. पीक शेतात उभे असते, पहिली पेंढी घरात आलेली असते, पण खळे अजून व्हायचे असते. आपल्या शेतकऱ्यांना हे चित्र समजावून सांगावे लागत नाही. एखाद्या माणसाचा रोग प्रार्थनेने नाहीसा होतो तेव्हा ती पहिली पेंढी असते. संपूर्ण पीक पुनरुत्थानाच्या दिवसासाठी राखलेले आहे. प्रभूने स्वतः ज्यांना बरे केले ते सगळे पुढे केव्हातरी मरण पावलेच. लाजराला कबरेतून बाहेर बोलावले गेले, पण त्यालाही दुसऱ्यांदा मरण चुकले नाही. मरण हा शेवटचा शत्रू आहे आणि तो शेवटीच नाहीसा केला जाईल, असे पौल करिंथकरांना लिहितो.

उपदेशक याला उत्तर देईल की, क्षमा तर आत्ताच मिळते, मग आरोग्यासाठी वाट का पाहायची? त्यावर त्याला एक गोष्ट विचारा. वधस्तंभाने आपल्याला पापापासून सोडवले, यावर त्याचा विश्वास आहे; तरीही प्रत्येक रविवारी उपासनेत तो पापांगीकाराची प्रार्थना म्हणतो, कारण पापाची ओढ त्याच्या अंगात अजून शिल्लक आहे. त्या कारणाने कोणी त्याला अविश्वासी ठरवत नाही. मग आत्म्याच्या बाबतीत जी सवलत तो दर आठवड्याला स्वतःसाठी घेतो, ती शरीराच्या बाबतीत एका आजारी बाईला नाकारण्याचा अधिकार त्याला कोणी दिला?

आता मी मला सर्वांत महत्त्वाच्या वाटणाऱ्या मुद्द्याकडे येतो. बरे होण्यासाठी विश्वास लागतो, हे शास्त्र सांगते. पण तो कोणाचा विश्वास, हे फार थोडे लोक नीट वाचतात. मार्काच्या दुसऱ्या अध्यायातल्या पक्षाघाती माणसाला छप्पर उसकटून खाली सोडणारे चौघे होते, आणि येशूने त्यांचा विश्वास पाहिला, असे तिथे लिहिले आहे. खाटेवरचा माणूस तोंडातून एक शब्दही काढत नाही. योहानाच्या पाचव्या अध्यायात बेथेस्दा तळ्याकाठी अडतीस वर्षे पडून असलेल्या माणसाला आपल्याला बरे करणारा कोण हेदेखील ठाऊक नव्हते. गेथशेमाने बागेत ज्या दासाचा कान तोडला गेला तो तर प्रभूला धरायला आलेल्यांपैकी होता, आणि लूक सांगतो की, प्रभूने त्याच्या कानाला स्पर्श करून त्याला बरे केले. फेफऱ्याचे झटके येणारा मुलगा शिष्यांकडून बरा झाला नाही तेव्हा प्रभूने अल्पविश्वासाचा ठपका शिष्यांवर ठेवला. मुलाला तो काहीच बोलला नाही, आणि “मी विश्वास धरतो, माझा अविश्वास घालवून टाका” असे रडून सांगणाऱ्या बापालाही त्याने परत पाठवले नाही. प्रभूच्या स्वतःच्या गावी, नासरेथात, अविश्वासामुळे फारशी अद्भुत कृत्ये झाली नाहीत, हे खरे. पण तिथे त्याला तुच्छ लेखणाऱ्या गावकऱ्यांची गोष्ट आहे, त्याच्याकडे धावत आलेल्या रुग्णाची नाही.

आणि याकोब आपल्या पत्रात काय सांगतो? तुमच्यातला कोणी दुखणाईत असेल तर त्याने मंडळीच्या वडिलांना, म्हणजे तिच्या जबाबदार ज्येष्ठांना, बोलावणे पाठवावे, त्यांनी प्रभूच्या नावाने त्याला तेल लावून त्याच्यासाठी प्रार्थना करावी, आणि विश्वासाची प्रार्थना दुखणाइताला वाचवील. ही विश्वासाची प्रार्थना कोण करतो आहे? वडील करत आहेत. आजाऱ्याने करायचे ते एवढेच की निरोप पाठवायचा. विश्वासाचे ओझे याकोबाने मंडळीच्या खांद्यावर ठेवले आहे, कारण तापाने, वेदनेने, केमोनंतरच्या ओकाऱ्यांनी गळून गेलेल्या माणसाला प्रार्थना सुचत नाही, हे त्याला माहीत असावे. ते ओझे उचलून आईंच्या उशाशी नेऊन ठेवणे हा या वचनाचा उलटा अर्थ आहे. ‘अजून बरे वाटत नाही’ असे एखाद्या आजाऱ्याने सांगितले तर मंडळीने आपल्या प्रार्थनेकडे पाहावे, त्याच्या विश्वासाची तपासणी करू नये.

जुन्या पापाविषयीच्या भीतीबाबत मी अधिक लिहीत नाही, कारण योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांधाविषयी हाच प्रश्न शिष्यांनी विचारला होता आणि प्रभूचे उत्तर निःसंदिग्ध आहे: यानेही पाप केले नाही आणि याच्या आईबापांनीही नाही. आईंच्या मनात एखादी गोष्ट सलत असेलच तर ती कबूल करून क्षमेचे आश्वासन घ्यावे. पण ते मन हलके होण्यासाठी असावे, कर्करोगाचे कारण शोधण्यासाठी नसावे.

औषधाविषयी. ज्या यशयाच्या पुस्तकात त्रेपन्नावा अध्याय आहे, त्याच पुस्तकाचा अडतिसावा अध्याय आईंना वाचून दाखवा. हिज्कीया राजा मरणाला टेकला होता. त्याने भिंतीकडे तोंड करून प्रार्थना केली, आणि देवाने यशयाच्या मुखाने त्याला सांगितले की, मी तुझी प्रार्थना ऐकली आहे, तुझे अश्रू पाहिले आहेत, मी तुझ्या आयुष्यात पंधरा वर्षे वाढवतो. याहून स्पष्ट वचन कोणत्या आजाऱ्याला मिळाले असेल? तरीही त्यानंतर यशया सांगतो की, अंजिरांची ढेप आणून गळवावर बांधा. वचन मिळाल्यानंतर लेप लावणे हा अविश्वास आहे असे त्या संदेष्ट्याला वाटले नाही. पौलाचा सोबती लूक याला शास्त्रच ‘प्रिय वैद्य’ म्हणते, आणि तीमथ्याच्या वारंवारच्या दुखण्यासाठी व पोटासाठी पौल त्याला थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. त्याच पौलाने आपला सोबती त्रफिम याला मिलेत गावी आजारी ठेवून पुढचा प्रवास केला, आणि स्वतःच्या शरीरातल्या काट्यासाठी तीनदा विनवणी करूनही त्याला “माझी कृपा तुला पुरेशी आहे” हेच उत्तर मिळाले. प्रेषित पौलाचा विश्वास कमी पडला, असे म्हणण्याचे धाडस तुमच्या आईंचा उपदेशकही करणार नाही.

महाराष्ट्रातल्या आपल्या मंडळ्यांच्या इतिहासात हे दोन्ही प्रवाह शेजारी शेजारी वाहत आले आहेत. ख्रिस्त तारणारा, पवित्र करणारा, बरे करणारा आणि परत येणारा राजा आहे, ही चतुर्विध शिकवण देणाऱ्या ए. बी. सिम्प्सन यांनी १८८७ मध्ये ज्या अलायन्स चळवळीची स्थापना केली, तिच्या मंडळ्या अकोल्यात आणि वऱ्हाडात इतरत्र उभ्या राहिल्या. तिथे आजाऱ्यांना तेल लावून प्रार्थना करण्याची रीत आहे आणि मी तिचा मनापासून आदर करतो. त्याच काळात, १८९४ मध्ये, डॉ. विल्यम वान्लेस यांनी मिरजेत रुग्णालय उभारले. शस्त्रक्रियेआधी रुग्णासाठी प्रार्थना करायची आणि मग हात धुऊन शस्त्र हाती घ्यायचे, ही मिशन रुग्णालयांची जुनी शिस्त आहे. ज्या काळात कुष्ठरोग्याला गावाच्या शिवेबाहेर काढले जाई, त्या काळात त्याच्या जखमा धुण्यासाठी ख्रिस्ती सेवक पुढे आले, ते ‘आमचे रोग त्याने वाहिले’ हे वचन मनात धरूनच. कॅथोलिक बांधवांत आजाऱ्यांच्या अभ्यंगाचा, म्हणजे त्यांना तेल लावण्याचा, संस्कार एके काळी मरणोन्मुख माणसासाठीच राखून ठेवला जाई. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे १९६२ ते १९६५ या काळात, तो गंभीर आजाऱ्यांसाठी असल्याचे स्पष्ट केले. पंथ वेगळे असले तरी औषध टाकून द्या, असे या मुख्य परंपरांपैकी कोणतीही सांगत नाही.

तेलाविषयी एक इशारा द्यायला हवा, कारण आईंनी त्या गटातून ‘अभिषिक्त’ तेलाची बाटली विकत आणल्याचे तुम्ही लिहिले आहे. अरण्यात सर्पदंश झालेल्या इस्राएल लोकांसाठी मोशेने पितळी सर्प उंच टांगला होता, आणि त्याच्याकडे पाहणारे वाचत. प्रभूने स्वतःच्या वधस्तंभाची तुलना त्या सर्पाशी केली आहे. पण पुढे लोक त्या पितळेलाच धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीयाने, ज्याला पुढे अंजिराचा लेप लागला त्याच राजाने, तो सर्प फोडून टाकला. आरोग्याचे चिन्ह जेव्हा आरोग्य देणाऱ्याची जागा घेते तेव्हा ते फोडावेच लागते. याकोबाच्या पत्रातले तेल कोणत्याही घरातले साधे तेल आहे. ते विकायचे नसते.

मी प्रार्थनेने बरे झालेली माणसे पाहिली आहेत. डॉक्टरांनी आशा सोडलेला एक तरुण अतिदक्षता विभागातून चालत बाहेर आला, आणि त्याच्या डॉक्टरांनीच मला सांगितले की, याचे कारण आम्हाला देता येत नाही. मी त्या दिवशी देवाचे आभार मानले आणि आजही मानतो. पण सेवेच्या सुरुवातीच्या वर्षांत पाहिलेला एक प्रसंगही मी विसरू शकत नाही. मधुमेह असलेल्या एका शेतकरी बांधवाला एका सभेत सांगण्यात आले की, तू बरा झाला आहेस, इन्सुलिन फेकून दे. त्याने ते केले. चार दिवसांनी त्याला बेशुद्धावस्थेत आणले गेले आणि तो वाचला नाही. त्याच्या पत्नीने बाहेरच्या बाकावर मला विचारले, “पाळकसाहेब, आमचा विश्वास कमी पडला का?” मी तरुण होतो, मला उत्तर सुचले नाही, मी फक्त प्रार्थना केली आणि निघून आलो. ‘नाही, बाई, तुमचा विश्वास कमी पडला नाही, तुम्हाला चुकीचे शिकवले गेले’ एवढे मी तिला तेव्हाच सांगायला हवे होते. ते तिला सांगायचे राहिले, म्हणून तुम्हाला इतके विस्ताराने लिहितो आहे.

कोणी साक्ष देऊन ‘मी बरा झालो’ असे म्हणत असेल तर तिचा अनादर करू नका, पण तपासणीला घाबरूही नका. प्रभूने दहा कुष्ठरोग्यांना बरे करताना सांगितले की, जाऊन स्वतःला याजकांना दाखवा. नियमशास्त्राप्रमाणे कुष्ठ गेले की नाही हे ठरवण्याचा अधिकार याजकाचा होता. आज तो अधिकार पॅथॉलॉजीच्या अहवालाला आहे. आईंची गाठ प्रार्थनेने विरघळली असेल तर ती सोनोग्राफीतही दिसणार नाही, आणि मग डॉक्टर स्वतःच उपचार बदलतील. तोवर गोळी किंवा सलाईन बंद करण्याचा निर्णय त्यांच्याशिवाय इतर कोणी घेऊ नये.

आता काय करावे, ते सांगतो. तुमच्या मंडळीच्या पाळकांना आणि दोन वडिलांना घरी बोलवा, शक्यतो केमोच्या आदल्या संध्याकाळी. त्यांना याकोबाचा पाचवा अध्याय वाचू द्या, स्वयंपाकघरातलेच थोडे तेल आईंच्या कपाळाला लावू द्या आणि त्यांनी उघडपणे, आडपडदा न ठेवता, आरोग्य मागावे. ‘तुझी इच्छा असेल तर’ हे शब्द गेथशेमानेत प्रभूने वापरले आहेत, ते कमकुवत विश्वासाचे शब्द नव्हेत. परंतु मागणे पुटपुटत करू नका, बाळ आईकडे मागते तसे मागा. आईंना त्या वेळी काहीही म्हणायला लावू नका. त्या नुसत्या पडून राहिल्या तरी चालेल. प्रभुभोजनाला, म्हणजे प्रभूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस घेण्याच्या विधीला, येणे जमत नसेल तर पाळकांना ते घरी आणायला सांगा, कारण ‘हे माझे शरीर तुमच्यासाठी’ हे शब्द स्वतःचे शरीर थकलेल्या माणसाला फार निराळे ऐकू येतात. वेदना आणि ओकाऱ्या यांवरची औषधे घ्यायला त्या कचरत असतील, वेदना सोसणे हे ख्रिस्तासाठी आहे असे त्यांना वाटत असेल, तर पाळकांनी त्यांना स्पष्टपणे सांगावे की, जी वेदना औषधाने शमते ती सोसण्याची आज्ञा कुठेही नाही.

त्या उपदेशकाशी वाद घालण्यात या आठवड्यात शक्ती घालवू नका. आई त्या गटातल्या बायकांना जीव लावून आहेत, ते नाते तोडू नका. त्या बायकांना केमोच्या दिवशी डबा घेऊन यायला सांगा. आणि रात्री झोप येत नसेल तेव्हा आईंशेजारी बसून एक्केचाळिसावे स्तोत्र हळू आवाजात वाचा. त्याच्या तिसऱ्या वचनात अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे अंथरूण परमेश्वर स्वतः बदलतो, असे म्हटले आहे. पहिल्या वाचनात ते त्यांच्या ध्यानात येणार नाही कदाचित. दुसऱ्या रात्री पुन्हा वाचा.